कुरणातली शाळा आणि शनिवारचा आनंद

अंधेरी-बोरिवलीकडच्या शाळांच्या प्रवेशाच्या फलकांवर ‘आनंददायी शिक्षण’ हे शब्द सर्रास दिसतात. आत भिंतींवर कार्टून, वर्गात स्मार्ट बोर्ड आणि वेळापत्रक मात्र जुनेच. सरकारनेही 2024-25 पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्यातले उपक्रम चांगले आहेत. पण शनिवार आनंदाच्या नावे लिहून दिला की बाकीच्या दिवसांचा जाब मुख्याध्यापकांना कोणी विचारत नाही, याचा मला राग येतो.

आनंददायी शिक्षणाचा टागोर, माँटेसरी, गांधीजींची नई तालीम हा प्रवास वाचकांच्या परिचयाचा आहे. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर गोष्टी सांगतो, खेळ घेतो, हेही सर्वांना आठवते. एक अख्खा वर्ग त्याच्या हाती सोपवणारा शिक्षणाधिकारी मात्र आठवत नाही.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. तिथे काय घडले, हे आपण आजवर चुकीचे वाचत आलो आहोत. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ म्हटले की शंख-शिंपले, बिया, पानाफुलांची साधने डोळ्यांसमोर येतात. साधने होतीच. पण त्यांचा मूळ प्रश्न होता, मूल शाळेत का येत नाही? बोर्डीत वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 1975 च्या सरकारी योजनेतली अंगणवाडी हे नाव तिथलेच. कोसबाडला पोरे गुरांमागे कुरणात जात, म्हणून शाळा कुरणात भरली. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. हे सगळे जागेचे, वेळेचे, नियमांचे निर्णय. ते शाळा चालवणाऱ्यानेच घ्यायचे असतात. एकट्या शिक्षिकेने कितीही सुंदर साधने केली असती, तरी कुरणातल्या पोराला ती दिसली नसती.

असे निर्णय न घेता नुसते रूप बदलले की काय होते, हे पुढेही दिसले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल स्वतः ज्ञान रचते असे मानणारा ज्ञानरचनावाद आणला, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी तो वर्गात उतरवून दाखवला आणि बाकी ठिकाणी पुष्कळदा वर्गांच्या नुसत्या फरशा रंगल्या.

मुंबईच्या उपनगरात कोसबाडचा प्रश्न आजही जिवंत आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत पाणी भरून, भावाला सांभाळून निघालेल्या मुलीला उशीर होतो आणि फाटक बंद झालेले असते. पालिकेच्या एकाच इमारतीत वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा, त्यांचे वेगवेगळे मुख्याध्यापक आणि मैदान एकच. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवा, असा आदेश 2024 मध्ये निघाला, तेव्हा दोन सत्रांच्या शाळांनी बसची, वाहतुकीची, दुपारच्या वर्गांची अडचण सांगितली. अडचण खरीच आहे. पण मुलांची झोप आणि शाळेची घंटा यांचा हा वाद म्हणजेच आनंददायी शिक्षणाचा वाद होता. आपण तो सोयीगैरसोयीवर मिटवला.

मुलुंडच्या एखाद्या शिक्षिकेला सलग दोन तास जोडून विज्ञानाचा वर्ग मैदानात न्यायचा असेल, तर आज तिला परवानगी कोणाची लागते आणि ती किती दिवसांत मिळते? शाळा तपासायला येणाऱ्यांनी शनिवारचे फोटो बाजूला ठेवून हे विचारावे. आणि उशिरा आलेल्या मुलीसाठी फाटक उघडायला तर मुख्याध्यापकांना कुठल्याच आदेशाची वाट पाहावी लागत नाही.