दोन टक्क्यांचे पुण्य

ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी उघडलीच नाहीत. वरच्या पाच कपडा कारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन आत घेतले. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले, आणि काही वेळात इमारत खाली बसली. ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक तरुण मुली आणि बायका होत्या. ढिगाऱ्यात युरोपातल्या नामांकित ब्रँडांची लेबले सापडली.

बँकेला कळलेले कारखानदारांना कळले नव्हते, असे नाही. पण माल वेळेत बोटीवर चढला नाही, तर तो विमानाने पाठवण्याचा भुर्दंड त्यांनाच बसतो, नाहीतर ऑर्डर हातची जाते. सगळा दोष इमारतमालकाच्या लोभावर ढकलणे सोयीचे असते, म्हणून तसे केले जाते. त्यातल्या काही कारखान्यांची ब्रँडांसाठी तपासणीही झाली होती. इमारतीची मजबुती पाहणे आमच्या कामात मोडत नाही, असे तपासणाऱ्यांचे म्हणणे पडले. कराचीत २०१२ साली जळालेल्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला तर आगीच्या काही आठवडे आधीच चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र मिळाले होते. तिथे अडीचशेहून अधिक कामगार गेले.

कंपन्यांच्या स्वेच्छेच्या आचारसंहितांवर माझा विश्वास नाही, तो यामुळे. फरक पडला तो मे २०१३ मध्ये कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी झालेल्या कराराने, म्हणजे ‘बांगलादेश अ‍ॅकॉर्ड’ने. जागतिक कामगार संघटनांनी आणि दुकानांपुढे निदर्शने करणाऱ्या ग्राहकांनी रेटा लावला, तेव्हा ब्रँडांनी सह्या केल्या. पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. तपासणीचे अहवाल जाहीर करायचे, दुरुस्तीला पैसा उभा राहील हे ब्रँडांनी पाहायचे आणि करार मोडला तर लवादाकडे जायचे, असे त्यात लिहिलेले होते. संघटना खरोखरच हेगच्या लवादात गेल्या आणि एका ब्रँडने २३ लाख डॉलर मोजून तडजोड केली. वॉलमार्ट आणि गॅप यांनी या करारावर सही केली नाही, वेगळी चूल मांडली. का, ते उघड आहे.

मजुरीला मात्र या कराराने हात लावला नाही. २०२३ साली कामगारांनी महिना २३,००० टाका मागितले, सरकारने १२,५०० ठरवले.

आपल्याकडे त्याच २०१३ साली कंपनी कायदा आला. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असे त्यात आहे. शाळेला बाके मिळतात, गावाला शुद्ध पाण्याचे यंत्र मिळते, वर कंपनीची पाटी लागते. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरण्याची आपली रीत जुनीच. त्या बाकांना मी नावे ठेवणार नाही. पण ही तरतूद दोन टक्के कुठे गेले ते विचारते, उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले ते विचारत नाही.

ते आपण विचारू शकतो. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांकडे शेअर असतील. कंपनीच्या वार्षिक सभेत लाभांशावर तावातावाने बोलणारे भागधारक पुष्कळ भेटतात. यंदा एकाने तरी उठून म्हणावे: तुमच्यासाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांची यादी, पत्त्यांसह, जाहीर करा.