नातं नसलं तरी

वेरावळच्या खारवा मच्छीमारांना कथाकार मोरारीबापूंनी २००४ च्या सुमाराला सांगितलं, की व्हेल शार्क ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी येते, तिला मारू नका. त्याआधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर या माशाला गळ टोचून, दोराला रिकामी पिंपं बांधून दमवून मारत. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावायला, मांस परदेशी. माईक पांडे यांच्या माहितीपटानं ही कत्तल उघड केली आणि २००१ साली हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. पण माणसं वळली ती लेक म्हटल्यावर. तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत.

दया करायला आधी नातं जोडावंच लागतं का?

शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला मासा म्हणतो, मला वाढव, मी तुला पुरातून तारीन. तिथंही देणंघेणं आहेच. मालदीवच्या दक्षिण आरी प्रवाळबेटांपाशी मी ज्याच्या बाजूनं पोहले, त्यानं मला कसलंच वचन दिलं नाही. तिथं दिसतात ते बहुतेक वयात न आलेले नर. हाही नरच होता. कुणाची लेक नव्हे, कुणाच्या माहेरी आलेला नव्हे. माझ्या तिप्पट लांब, तोंड उघडं, पाण्यातलं प्लवक गाळत सावकाश चाललेला. पाठीवर पांढरे ठिपके. प्रत्येक माशाची ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, आणि ती ओळखायला आकाशातले तारे जुळवण्याची गणिती पद्धत वापरतात. त्याचा बारीकसा डोळा माझ्यावरून गेला. त्याच्या लेखी मी नव्हतेच. मला तरीही हात जोडावेसे वाटले.

आपल्याकडे विठ्ठलाला माउली म्हणतात. नातं जोडणारी सगुणाची ती वाट खरी आहे. वेरावळला तिनंच मासा वाचवला, म्हणून मी तिला कमी लेखणार नाही. पण मायेला जवळीक लागते. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला २०११ पासून पर्यटकांसाठी व्हेल शार्कना हातानं कोळंबी भरवतात. मासे होड्यांना सरावतात, पंख्यांच्या जखमा घेऊन फिरतात. हौसेनं जवळ आलेल्या माणसांचं हे प्रेमच आहे, आणि ते माशाला भोवतं. परक्याला परका राहू देऊन जपणं ही मला त्याहून मोठी भक्ती वाटते.

माझे वडील मालवणला रापण ओढत. जाळं फाटलं की घरात किती दिवस कमी शिजतं हे मी पाहिलं आहे. म्हणून जाळं कापणारा कोळी मला कुठल्याही प्रवचनकारापेक्षा धर्माच्या जवळचा वाटतो. मासा तर मागं वळूनही न बघता निघून जातो. महाराष्ट्रात अशा कापलेल्या जाळ्यासाठी २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

आणि तुम्ही कधी या माशासोबत पाण्यात उतरलात, तर अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर लांब राहा. हात लावू नका, फ्लॅश मारू नका. खाऊ घालून मासा बोलावणाऱ्याच्या होडीत मात्र चढूच नका.