आधी शीड उतरवायला शिका

दोघेही समोर बसा आणि मी संपवेपर्यंत मध्ये बोलू नका. नारळी पौर्णिमेपासून खारदांड्याच्या बंदरावर जो भेटेल त्याच्यापुढे तुमचा एकच वाद चालला आहे. थोरला म्हणतो, पुढचं शीड फर्लरवरच हवं; मागे बसून दोर ओढला की गुंडाळलं गेलं. धाकटा म्हणतो, फर्लर काढून फेकू. पितळी हँक लावून फोरस्टेवर, म्हणजे नाळीपासून डोलकाठीपर्यंतच्या तारेवर, चढवायचं शीडच खरं. अर्धे अर्धे पैसे घालून तीस फुटी बोट घेतलीत, दिवाळीनंतर ती गोव्याला न्यायचं गावभर सांगून झालं. बोटीकडे बघायला मात्र एकालाही सवड झाली नाही. म्हणून मी अपोलो बंदरला जाऊन बघून आलो.

थोरल्या, तुझ्या फर्लरच्या ड्रमवर मिठाचा थर बसलाय आणि तो फिरवला की करकरतो. दोर एका जागी इतका झिजलाय की आतला गाभा दिसतो, वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुतलेत. मान वर करून डोलकाठीच्या टोकाकडे कधी पाहिलंस? शीड चढवायचा दोर, हॅलियार्ड, फोरस्टेवरच्या फॉइलच्या नळीला चिकटून वर गेलाय. तिथे साधारण दहा अंशांचा कोन हवा. नाहीतर शीड गुंडाळताना हॅलियार्डही फॉइलभोवती पिळत जातो आणि फर्लर जागच्या जागी अडकतो. त्यावर विंच लावून जोर केलास, तर फोरस्टेच्याच तारा उलगडतात. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. वहीत उतरवून घेतलंस, बोटीवर तपासलं नाहीस.

धाकट्या, तुला खूश व्हायचं काही कारण नाही. तुझं हँकचं शीड ओलंच पिशवीत कोंबलेलं होतं, त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडलेत. निम्म्या हँकच्या खिट्ट्या हिरव्या पडून चिकटल्यात. अंगठ्याने हलत नव्हत्या, मला पक्कड लावावी लागली. रात्री नाळीवर गुडघे टेकून, एका हाताने रेलिंग धरून, त्या कशा उघडणार होतास? साधं साधन बिघडत नाही, हा तुझा मुद्दा. सांभाळलं नाही तर तेही बिघडतं.

आता तुमची कारणं घेतो. धाकटा सारखा ‘सुहेली’चा दाखला देतो. दाखला मोठा आहे. ३२ फुटांची ही सागवानी बोट याच मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने १४ जून १९६८ ला फाल्मथ सोडलं आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. शिडं हँकचीच होती. पण तो व्यापारी जहाजांवरचा अधिकारी होता, आणि त्या प्रवासाआधी तीच बोट मुंबईहून इंग्लंडला नेऊन तिचा दोर न् दोर ओळखून होता. तू त्याच्या हँक तेवढ्या उचलल्यास आणि तयारी सोडून दिलीस.

थोरल्याचं कारण त्याहून पोकळ. ‘आता जगात सगळे फर्लरच लावतात.’ सगळे लावतात म्हणून लावलेलं साधन ऐन वेळी अडकलं, तर ते सगळे सोडवायला येणार आहेत का?

बोटीवर हात किती आणि सगळ्यात वाईट तास कोणता, या दोन प्रश्नांवर शीड ठरतं. तुम्ही दोघे. म्हणजे रात्री एक झोपलेला आणि एक पहाऱ्यावर. हँकचं शीड बदलायचं तर पहाऱ्यावरच्याने सुकाणू सोडून अंधारात पुढे जायचं, नाहीतर झोपलेल्याला उठवायचं. एकटा पुढे गेला आणि पडला, तर दुसऱ्याला सकाळपर्यंत पत्ताही लागणार नाही. इथे फर्लरची बाजू खरी आहे.

पण तोच फर्लर निम्मं शीड बाहेर असताना अडकला तर? मग ते गुंडाळता येत नाही आणि खालीही येत नाही, कारण फॉइलभोवती वेढे पडलेले असतात. उतरवायचं तर आधी वाऱ्यात पूर्ण उलगडावं लागतं. हँकचं शीड हॅलियार्ड सोडला की बहुतेक वेळा खाली येतं. सगळ्यात वरच्या हँकपासून एक दोरी खालच्या कप्पीतून मागे आणली, तर ते मागे बसूनही खेचून उतरवता येतं. पश्चिमेचा वारा बोट किनाऱ्यावर ढकलतो, हे खारदांड्यात वाढलेल्यांना सांगायला नको. सगळा कोकण किनारा तसाच आहे. न उतरणारं शीड घेऊन तिथे फार वेळ काढता येत नाही.

आणि परतीचं काय? जाताना दुपारचा खारा वारा वायव्येकडून, पाठीशी. दोनशेहून अधिक सागरी मैल मजेत जाल. येताना तोच वारा तोंडावर. फर्लरवरचा जेनोआ, म्हणजे ते मोठं पुढचं शीड, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गुंडाळला की त्याच्या पोटाला झोळ येतो, बोट कलते आणि वाऱ्याच्या जवळ चढत नाही. तेव्हा सपाट शिवलेलं छोटं शीडच कामाला येतं. पहाटेचा मतलई वारा थोडी मदत करील, तीही दुपारपर्यंतच. तुम्ही जाण्याचा हिशेब केलात आणि येण्याचा समुद्रावर सोडलात.

तुमच्या आज्याच्या वेळी दांड्याच्या होड्या शिडावर जात होत्या. दिशा बदलायची तर अख्खं शीड डोलकाठीच्या पुढून फिरवावं लागे, त्याला खलाशांचे हात लागत आणि ते होडीवर असत. हात मोजून शीड चढवायचं, एवढी अक्कल त्या पिढीला होती. ती तुम्हीही दाखवा.

आता माझा निर्णय. माणसं दोनच आहेत, म्हणून जेनोआ फर्लरवरच राहील. पण त्याच्या मागे आतला एक स्टे बसवायचा आणि त्यावर हँकचं छोटं, जाड कापडाचं शीड, खाली ओढायच्या दोरीसकट. ड्रमचा दोर नवा घाला. शीड घट्ट गुंडाळून वर शीटचे, म्हणजे शीड ताणायच्या दोराचे, तीन वेढे पडल्यावरही ड्रमवर दोर शिल्लक राहिला पाहिजे. वर हॅलियार्डच्या कोनासाठी कप्पी लावा. महिन्यातून एकदा शीड पूर्ण उतरवा, ड्रम आणि स्विव्हल गोड्या पाण्याने धुवा आणि फोरस्टेची दोन्ही टोकं तपासा. मधली तार फॉइलच्या आत झाकलेली असते, तिचा गंज बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात आणि वादळाचा इशारा आला की जेनोआ फॉइलवर ठेवायचा नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. अशा वाऱ्यात गुंडाळलेलं शीड सुटलं की आधी फाटतं, मग डोलकाठी हलवतं आणि शेवटी नांगर उखडतं.

बंदरात, चांगल्या वाऱ्यात, काळोख पडल्यावर, दोघांनीही पाळीपाळीने एकट्याने दोन्ही शिडं चढवून उतरवून दाखवायची. मी बोटीवर बसून बघणार. ते जमेपर्यंत गोव्याचं नाव काढायचं नाही. तुमच्या घरच्यांना मी तसं सांगितलं आहे आणि त्यांना ते पटलं आहे. उद्या सकाळी बोटीवर या. येताना पक्कड, तेल आणि नवा दोर आणा.