हस्ते कोण ?

जुन्या जमाखर्चाच्या वह्या ज्यांनीं चाळल्या असतील, त्यांस 'हस्ते' हा लहानसा शब्द परिचित असेल. रक्कम कोणाच्या नांवें पडली एवढें लिहून कारकून थांबत नसे. ती प्रत्यक्ष कोणाच्या हातून गेली, तेंही तो पुढें नोंदवीत असे. खातें धन्याचें, हस्ते गडी. या दोन नांवांत गफलत झाली तर धनी बुडे, किंवा निरपराध गडी चोर ठरे. व्यवहारांतला हा साधा विवेक आज एका नव्या ठिकाणीं पुन्हां शिकण्याची वेळ आली आहे. तें ठिकाण म्हणजे संगणक. तेथें उभा राहिलेला प्रश्न वरकरणी तांत्रिक असला, तरी मुळांत तो नीतीचाच आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या परिचयाच्या एका संस्थेंत कांहीं वर्षांपूर्वीं घडलेला प्रसंग सांगतों. तेथें संगणकावर प्रत्येकाचें स्वतंत्र खातें होतें; परंतु नवी सामग्री बसविणें, जुनी काढून टाकणें, असलीं कामें प्रशासकाच्या खात्यावांचून होत नसत. त्या खात्याचा परवलीचा शब्द तिघांस ठाऊक होता. एके दिवशीं वर्षभराचे हिशेब संगणकावरून नाहींसे झाले. नोंद उघडून पाहतां तींत कर्त्याच्या जागीं एकच शब्द होता : 'प्रशासक'. तिघांपैकीं दोघे वयानें व मानानें मोठे. तिसरा नुकताच नोकरीस लागलेला तरुण. संशय कोणाकडे वळला, हें वाचकांस सांगावयास नको.

असें कां व्हावें ? संगणकांतलें प्रत्येक काम कोणाच्या तरी नांवानें चालतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून जी युनिक्स प्रणाली घडविली, तींत प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो. आणि ज्यास कांहींच निषिद्ध नाहीं, त्या सर्वाधिकाऱ्याचा क्रमांक शून्य. पण अडचण अशी कीं, स्वतःचा परवलीचा शब्द बदलण्यासारख्या किरकोळ कामासही सर्वाधिकाऱ्याच्या ताब्यांतल्या फाईलींत लिहावें लागतें. यावर रिची यांनीं एक युक्ति काढली. ठराविक कामापुरता अधिकार धन्याचा चालावा, परंतु मूळ मनुष्याचा क्रमांकही त्या कामाजवळ कायम राहावा. या युक्तीच्या पेटंटासाठीं १९७३ सालीं अर्ज झाला व १९७९ सालीं तें मिळालें. खातें आणि हस्ते यांतला भेद यंत्रानें असा मान्य केला.

पुढें १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठांत 'सुडू' नांवाचें साधन निघालें. त्याच्या योगें साध्या वापरकर्त्यास एकेका आज्ञेपुरता सर्वाधिकार मिळतो. मात्र येथें दोन्ही क्रमांक शून्य होतात. मूळ मनुष्य जणूं पुसला जातो. त्याच्या नांवाची एक चिठ्ठी तेवढी 'सुडू-यूजर' या मथळ्याखालीं कामाच्या खिशांत राहते. जिला स्क्रिप्ट म्हणतात ती आज्ञावली चिठ्ठी न वाचतां 'मी कोण ?' एवढेंच विचारील, तर उत्तर 'सर्वाधिकारी' असें येईल. आणि गरीब वापरकर्त्यासाठीं आणलेलें सामान ती धन्याच्या घरीं टाकून मोकळी होईल. २००७ सालीं विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ति बाजारांत आली, तेव्हांपासून तेथेंही हाच अनुभव येतो. साध्या खात्यावर बसलेल्यासाठीं दुसऱ्या कोणीं प्रशासकाचें नांव व परवलीचा शब्द भरला, कीं पुढची आज्ञावली प्रशासकाचेंच नांव सांगूं लागते. समोर बसलेला मनुष्य शोधावयाचा, तर त्या सत्रांतील मुख्य पडदा कोणाच्या नांवानें चालू आहे, हें पाहावें लागतें. आणि अनेकांचीं सत्रें एकदम उघडीं असलीं, तर तेंही जपून.

कोणी म्हणेल, ही नसती चिकित्सा आहे. विश्वासानें अधिकार दिला, मग दर वेळीं 'तूं मूळचा कोण?' असें विचारणें म्हणजे संशय घेणें होय. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण दिलेल्या अधिकाराचा घात नेहमीं अप्रामाणिकपणानेंच होतो, असेंही नाहीं. नॉर्म हार्डी यांनीं १९८८ सालीं एक मार्मिक उदाहरण प्रसिद्ध केलें. एका संगणकावरील भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीस स्वतःची नोंद ठेवण्यासाठीं एका कप्प्यांत लिहिण्याचा खास अधिकार दिलेला होता. ग्राहकांच्या बिलांची फाईलही त्याच कप्प्यांत होती. एका वापरकर्त्यानें आपला मजकूर उतरविण्याची जागा म्हणून त्या फाईलीचेंच नांव दिलें. त्यास स्वतःस ती फाईल लिहितां आली नसती. परंतु आज्ञावलीस अधिकार होता, तिनें आज्ञा पाळली, आणि बिलें बुडालीं. नोकर लबाड नव्हता. आपण या घटकेस कोणासाठीं व कोणाच्या बळावर वागतों आहों, हें त्यास उमगलें नाहीं, इतकेंच. हार्डी यांनीं त्यास गोंधळलेला मुखत्यार म्हटलें आहे. असे मुखत्यार केवळ यंत्रांतच आढळतात, असें आम्ही म्हणणार नाहीं.

भरतानें चौदा वर्षें पादुकांच्या नांवें राज्य चालविलें. परंतु आपण राम आहों, असें त्यास एक क्षणही वाटलें नाहीं. अधिकार उसना घेतां येतो, कर्तेपण उसनें देतां येत नाहीं. 'साहेबांचा हुकूम होता', 'कचेरीची पद्धत आहे', असें म्हणणारा मनुष्य आपलें नांव पुसून धन्याचें पुढें करतो. नोंदींतला 'प्रशासक' हा शब्द तेंच करतो.

मग नांव राखावें कसें ? खिशांतली चिठ्ठी पुरेशी नाहीं. कारण ज्याच्या हातीं सर्वाधिकार आला, त्यास ती चिठ्ठीही बदलतां येते. म्हणून लिनक्स प्रणालींत आणखी एक सोय आहे. मनुष्य प्रवेश करतो त्याच वेळीं, म्हणजे कसलाही अधिकार हातीं येण्यापूर्वीं, त्याचा क्रमांक नोंदला जातो. आणि पुढें त्यानें कितीही वेष पालटले, तरी तो क्रमांक त्याच्या प्रत्येक कामामागून चालत राहतो. तशी तजवीज केली असतां ती नोंद नंतर बदलतांही येत नाहीं. यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. सत्ता दिल्यावर नांव विचारण्यांत अर्थ नाहीं. तें दारांतच विचारलें पाहिजे, आणि लहानथोर सर्वांस सारखेंच विचारलें पाहिजे. सर्वांसच विचारलें, म्हणजे त्यांत अपमान राहत नाहीं.

एवढें करूनही यंत्रास खातें कळतें, हात कळत नाहीं. उघड्या ठेविलेल्या संगणकापाशीं दुसरा कोणी येऊन बसला, तर नोंद पहिल्याच्याच नांवें पडेल. नोंद हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तथापि जेथें साक्षीदारच नसतो, तेथें न्याय करावयास पूर्वग्रह बसतो.

त्या संस्थेंत तसेंच झालें. हिशेब जुन्या प्रतींवरून पुन्हां मिळाले. पुढें सामाईक परवलीचा शब्द बंद होऊन प्रत्येकास आपापल्या नांवानें अधिकार मिळाला. परंतु तोंपर्यंत त्या तरुणानें नोकरी सोडली होती. फाईली कोणीं पुसल्या, याचा निर्णय आजतागायत झालेला नाहीं. हकीकत प्रथम कानीं आली, तेव्हां आम्हींही मनांतून त्यासच दोषी धरिलें होतें; आणि त्यासाठीं आमच्यापाशीं, तो तिघांत लहान होता यापलीकडे, कांहींच पुरावा नव्हता.