व्याज लिहिणारा हात

अब्बा विकास सोसायटीत गटसचिव होते. वेळापूरच्या आसपासच्या एका गावची सोसायटी. सभासदांचं पीककर्ज, मुद्दल, व्याज, बाकी, सगळं खतावणीत अब्बांच्याच अक्षरात. भाईचा आकडा कधी चुकत नाही, असं लोक म्हणायचे.

एका जुम्म्याला मशिदीत बाहेरगावचे मौलाना आले. त्यांनी ‘सहीह मुस्लिम’मधली हदीस सांगितली. व्याज खाणारा, देणारा, लिहिणारा आणि दोन साक्षीदार, या सगळ्यांवर पैगंबरांनी लानत केली आणि ते सारखेच आहेत, असं म्हटलं. अब्बा घरी आले, ताटावर बसले आणि तसेच उठले.

अम्मी म्हणाली, "तुम्ही कुठं व्याज खाता? नुसतं लिहिता की."

"लिहिणाऱ्याचंच नाव आलंय त्यात," अब्बा म्हणाले.

पुढं त्यांनी अकलूजला एका जाणत्या आलिमांना विचारलं. ते म्हणाले, "व्याजाची नोंद करणं जायज नाही. पण घरात खाणारी तोंडं आहेत. दुसरं काम शोधत राहा, मिळेपर्यंत हे सोडू नका." दुसरं काम कुठलं? आमची दीड एकर कोरडवाहू. अब्बा शोधत राहिले, आणि लिहीत राहिले.

मी कॉलेजात जायला लागलो तेव्हा शहाणपणा केला. म्हटलं, "१८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा सावकारी पाशातून सोडवायलाच आला. व्याजाची मनाई गरिबाला वाचवायला, सोसायटीही त्याचसाठी. मग गुन्हा कसला?"

अब्बा म्हणाले, "लेका, सूरह बकरामध्ये व्याज मना केलंय. तिथंच पुढं सांगितलंय, कर्जदार अडचणीत असंल तर त्याला सवड द्या, सोडून दिलं तर जास्त चांगलं. आणि उधारी लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं इन्साफानं लिहावं, हेबी तिथंच. माझ्या हातात ह्यातलं जेवढं हाय तेवढं करतो. बाकीचं हलाल हाय असं माझ्या तोंडून वदवू नकोस."

मार्च लागला की अब्बा सायकलवर वस्त्या पालथ्या घालायचे. मुदतीत भरलं तर व्याजात सवलत मिळते, थकलं तर ती जाते. अब्बांना वाटायचं, तेवढंच कुणाचं व्याज टळलं. पण एका वर्षी एक अण्णा म्हणाले, "भाई, तुम्ही सांगून गेलात म्हणून भरलं. पर खाजगीतनं शेकड्यानं काढून भरलं. आता नवं-जुनं व्हईस्तवर त्याचं व्याज चढतंय."

जुनं कर्ज भरून नवं हातात पडेपर्यंतचे ते दहा-पंधरा दिवस. त्या दिवसांतच सावकार परत घरात शिरतो. अब्बांनी त्या रात्री बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे ट्रंकेतून काढले आणि सकाळी अण्णांना नेऊन दिले. कर्जे-हसना, बिनव्याजी. अम्मी दोन दिवस बोलली नाही. नवं कर्ज मिळाल्यावर अण्णा पैसे घेऊन आले, वर पाचशेची नोट. अब्बांनी मुद्दल मोजून घेतलं आणि नोट त्यांच्या खिशात परत कोंबली.

"आता तरी मन शांत झालं का?" मी विचारलं.

"एका अण्णाला दिलं. खतावणीत तीनशे नावं हायती."

जायज-नाजायज ठरवायला आलिम आहेत, मी नाही. पण मीही पुढं नोकरी केली, कचेरीत. "आम्ही फक्त कागद पुढं सरकवतो, साहेब," असं म्हणणारी माणसं तिथं रोज भेटली, सगळ्या जातिधर्मांची. मीही म्हटलंय कितीदा. त्या हदीसेनं ही पळवाट लिहिणाऱ्यापुरती बुजवून टाकली आहे. अब्बांनी ती परत उकरली नाही, एवढं मी सांगू शकतो.

अब्बा रिटायर झाले त्या वर्षी माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी होती. आम्ही रस्त्याकडेला वारकऱ्यांना पाणी देत उभे होतो. गर्दीतनं ते अण्णा आले, टाळ खांद्याला. अब्बांच्या पायाशी वाकले. अब्बा झटकन मागं सरले, "नको अण्णा, नको," म्हणत. आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.