पुण्य कुणाचं, हक्क कुणाचा?

पंगतीत वाढणाऱ्याला पुण्य लाभतं. जेवणाऱ्याला उद्याच्या जेवणाची खात्री मात्र नसते. दया मागता येते, दावा करता येत नाही. दावा फक्त हक्काचा करता येतो.

१९८१च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचा हुकूम निघाला. त्या हुकुमाविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली जगण्याच्या हक्कात उपजीविकाही धरली. आणि पावसाळा सरल्यावर झोपड्या पाडायला मुभाही दिली! तत्त्व मान्य, बिऱ्हाड मात्र उठवलेलं.

त्यापेक्षा महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना रोकडी. १९७७च्या कायद्याने ग्रामीण भागात काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. योजनेसाठी व्यवसाय कर आधीच लावलेला होता. पगारातून कापलेल्या त्या पैशाचं पुण्य कोण मोजतो? खडी फोडणारी बाईही कुणाचे आभार मानत नसे. हजेरीपटावर अंगठा उठवायची आणि मजुरी कमी भरली तर मुकादमाशी भांडायची.