तेलाचा डाग

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक विनवणी लिहून ठेवत. बोलायची ती पोथीच: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. महिनोन्‌महिने मान मोडून लिहिणाऱ्याचं ते दुखणं होतं. परक्या हाती गेलेलं पुस्तक गेलंच, परत आलंच तर जीर्ण होऊन येतं, असं बजावणारं एक सुभाषितही आहे. (त्याच दमात ते बाईला आणि पैशालाही त्या यादीत बसवतं, ते सोडून देऊ.) एकूण, पुस्तक उसनं देण्याबद्दल आपल्या पूर्वजांचं मत काही बरं नव्हतं. माझं मत वेगळं आहे, आणि त्याला कारण तेलाचा डागच आहे.

कोकणातल्या घराच्या वाटणीवरून आई आणि मावशी बोलेनाशा झाल्या तेव्हा मी आठवीत होतो. आमच्याकडे भांडणं मोठ्यानं होत नाहीत, मुरतात. दोघींची घरं दहा मिनिटांच्या अंतरावर; पण कोजागिरीनंतर कुणी कुणाचा उंबरा चढलं नाही. पंचाईत एवढीच, की वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेची वर्गणी दोघींनी नेहमीसारखी मिळून भरली होती, दसऱ्याला, म्हणजे भांडणाच्या आधी. एका वेळी दोन अंक मिळत, ते ठरलेल्या दिवसांत बदलायचे. भरलेले पैसे वाया घालवणं दोघींच्याही स्वभावात नव्हतं. तेव्हा अंक नेण्या-आणण्याचं काम माझ्या सायकलकडे आलं.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळ आणि अंक एकाच हातानं हाताळले जातात. त्यामुळे दुसऱ्या खेपेला मावशीकडून आलेल्या अंकात, एका कथेच्या ऐन मध्यावर, बोटाएवढा तेलाचा डाग होता यात नवल नाही. आईनं पान उजेडाकडे धरलं, मग नाकाशी नेलं.

“अजून भाजणीत मोहन जास्तच घालते,” ती म्हणाली. “तुटतात मग चकल्या.”

महिन्याभरात मावशीबद्दल तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. मी ते जसंच्या तसं पोचवलं; पोरं पोचवतातच. मावशी सुपारी कातरत होती. हात न थांबवता म्हणाली, “ताईला विचार, गोष्ट वाचलीस की नुसता डागच बघितलास?”

आईनं गोष्ट त्या रात्रीच वाचली. त्यात एक धाकटा दीर होता, आजारी भावाची जमीन स्वतःच्या नावावर करून घेणारा. पुढचे पंधरा दिवस त्या दिराचं वागणं बरं की वाईट यावर माझ्यामार्फत खल चालला. आईच्या मते तो चोर होता. मावशीचं म्हणणं, जमीन कसली कुणी हे आधी बघा. कोकणातल्या घराचं नावही निघालं नाही, आणि त्या दोघी दुसरं काही बोलत होत्या असंही नाही. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. मला फक्त चढाची चिंता होती.

शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नाही तर चार लाडू, निदान चिमूटभर शेव. उसनवारीचा हा कायदा पुस्तकालाही लागू आहे. ते परत येतं तेव्हा त्यात बसचं तिकीट असतं, पेन्सिलीची खूण असते, दुमडलेला कोपरा असतो. भेट दिलेल्या पुस्तकाला ही सोय नाही. भेट देऊन माणूस मोकळा होतो, शिवाय रुसलेल्या माणसाला पुस्तक भेट देण्यात थोडा उपदेश असतोच. उसन्याला परतीचा रस्ता असतो आणि त्या रस्त्यावर कुणीतरी सायकल मारत असतं.

पुस्तक कुणाचं, यालाही महत्त्व आहे. फ्रान्झ काफ्कानं आपला एक कथासंग्रह वडिलांना अर्पण केला होता. त्याचं नवं पुस्तक आलं की वडील बहुधा पत्ते खेळत असत, आणि ते पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवायला सांगत. १९१९ साली त्यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्यानं हे नोंदवलं आहे. ते पत्रही त्यांच्या हाती पडलं नाही. मला वाटतं, स्वतः लिहिलेलं पुस्तक बापापुढे ठेवणं म्हणजे जाब विचारणं. तेच पुस्तक तिऱ्हाइताचं असतं तर एखाद्या रात्री झोप येईना म्हणून त्यांनी उघडलंही असतं.

आणि पुस्तक आलं म्हणजे घर सांधलं, असंही नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचाव्यात. १८७३ साली त्या रानड्यांच्या घरात आल्या, नवरा शिकवू लागला आणि घरातल्या बायकांनी त्या शिकण्यापायी त्यांना काय काय ऐकवलं! फरक इतकाच, की तिथं पुस्तक एकीच्याच हाती होतं. इतरांच्या वाट्याला फक्त ते बघणं होतं.

आमचं कोकणातलं घर पुढे विकलं आणि पैशांवरून पुन्हा कुरबुर झालीच. पण पुढच्या दसऱ्याला वर्गणी भरायला दोघी एकत्र गेल्या, येताना मंडईतून भाजणीसाठी तांदूळ आणि डाळीही घेऊन आल्या. डागाळलेल्या अंकाची किंमत वाचनालयानं आदल्या वर्षीच मागितली होती. आईनं कुरकुर न करता भरली आणि अंक घरी आणला.

तो आता माझ्याकडे आहे. तेल मुरून तेवढ्या जागी कागद आरपार दिसू लागलाय. दिराच्या कारस्थानाच्या ओळींमधून मागच्या पानावरची जाहिरात उलटी वाचता येते. केसांच्या तेलाची आहे.